बशीरभाईंनी मोठ्यानं वाचलेला जाहीरनामा

बातमी आणली एसटीच्या कंडक्टरनं. राळेगावच्या पंचायत समितीत मी सकाळचं टपाल फोडत बसलो होतो. कंडक्टर आमच्याच गावचा. एरवी दारातूनच हात करून जायचा, त्या दिवशी आत आला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मेश्रामबाबू, बशीरभाई गेले... परवा दुपारी. मातीबी झाली." मी हातातलं पाकीट पूर्ण फोडलं, आतलं पत्र काढलं, त्याच्यावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला. मग कुठं मला कळलं की आपण काय ऐकलं. कंडक्टर तोवर थांबला होता. गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी तो थांबला होता. बशीरभाईंबद्दल दोन माणसं अशी गप्प उभी राहावीत, हेच मला विचित्र वाटलं. त्यांच्या आसपास कोणी फार वेळ गप्प राहू शकत नसे.

ते पुढारी नव्हते, कोणत्या संस्थेचे पदाधिकारी नव्हते. आमच्या तालुक्याच्या गावी एक छापखाना होता, तिथं ते जुळारी होते. लाकडी खणांतून शिशाचे खिळे एकेक उचलायचे, त्यांच्या ओळी जुळवायच्या आणि छापून झालं की ते सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, हे त्यांचं काम. शिक्षण मराठी चौथी. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि हातात छापील मराठी. बोलताना 'मले-तुले' करणारा हा माणूस छापताना मात्र एखादा रफार भलत्या अक्षरावर बसलेला दिसला, तर गिऱ्हाइकाला रस्त्यातून परत बोलवायचा. खिळे उलटे वाचायची त्यांना इतकी सवय होती की चहाच्या दुकानात समोरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र ते पलीकडून, उलटंच, घडाघडा वाचायचे. पुष्कळदा त्या माणसाच्या आधी बातमी त्यांची वाचून व्हायची आणि मग ते त्याला सांगायचे, "दुसरं पान पाहा, पहिल्यात काही नाही." (गावाचं नाव मी मुद्दाम घालत नाही. त्या वेळची बरीच माणसं अजून हयात आहेत आणि हा लेख कोणाला लागावा म्हणून लिहिलेला नाही.)

माझी त्यांची गाठ पडली ती बहिणीच्या लग्नपत्रिकेमुळे. छप्पनच्या दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं. नव्या रीतीनं होणारं ते आमच्याकडचं पहिलंच लग्न. पत्रिकेचा मजकूर घेऊन मी छापखान्यात गेलो तेव्हा आतून घाबरलेला होतो. हे काय, गणपती नाही, कुलदैवत नाही, असं कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं याची मी वाटेत तयारी केली होती. बशीरभाईंनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "याच्यात एकच मोठी अडचण आहे." मी तयार ठेवलेलं उत्तर आठवू लागलो. ते म्हणाले, "जोडाक्षर 'द्ध'. बुद्धं, बौद्ध, पद्धतीनं... तीन लागतात. माह्याजवळ धड खिळे दोनच आहेत. इतके दिवस 'शुद्ध तूप' छापाले पुरत होते, बाबू."

तिसऱ्या 'द्ध'साठी हा माणूस रविवारी वणीला गेला. तिथल्या छापखान्यात त्यांच्या ओळखीचा एक जुळारी होता, त्याच्याकडून एक खिळा मागून, कागदात गुंडाळून आणला. पत्रिका छापून झाल्यावर त्याच ओळखीच्या माणसाला परतही करून आले. आणि मालकाकडं हट्ट धरून त्यांनी पुण्याहून नवे 'द्ध' मागवून घेतले. "आता जास्त लागतीन," म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पुढच्या दोन उन्हाळ्यांत आमच्या वस्तीतल्या बहुतेक पत्रिका त्यांच्याच हातून गेल्या. माझ्या बहिणीच्या लग्नाला ते आले, बायकोला, खातूनभाभींना, घेऊन आले आणि जेवायला बसण्याआधी मंडपात टांगलेली पत्रिका त्यांनी एकदा पुन्हा वाचून घेतली.

त्याच वर्षी मला नगरसुधार मंडळात कारकुनी मिळाली. तात्पुरती नेमणूक, दर सहा महिन्यांनी पुढं चालू ठेवायची. आमची नगरपालिका आपसातल्या भांडणांपायी बरखास्त झाली होती आणि तिच्या जागी वरून पाच जणांचं मंडळ नेमून आलं होतं. अध्यक्ष एक निवृत्त महसूल अधिकारी, बाकीच्यांत एक डॉक्टर, एक वकील आणि दोन व्यापारी. माणसं वाईट नव्हती. वेळेवर येत, टापटीप असत, मला 'अहो मेश्राम' म्हणत. ते तेव्हा सगळेच म्हणत होते असं नाही, म्हणून नमूद करतो. फक्त एवढंच, की त्यांना कोणी मत दिलेलं नव्हतं आणि कोणाच्या दारात मत मागायला जायची वेळही त्यांच्यावर येणार नव्हती. त्यामुळे कचेरीत एक प्रकारची शांतता असायची. मला ती फार आवडायची. मला वाटायचं, शिकलेल्या माणसांचा कारभार असा शांतच असणार.

दुसऱ्या वर्षी मंडळानं ठराव केला. गावाबाहेर नाल्यापलीकडं जागा घ्यायची, तिथं मोठी शेड, पाण्याची लाइन आणि विजेचे खांब घालायचे आणि ते सगळं एका शेठजींना सूतगिरणीसाठी नव्व्याण्णव वर्षांच्या करारानं द्यायचं. भाडं नावापुरतं. पैसा उभा करायचा तो मंडळाच्या नावानं कर्जरोखे काढून. शेठजींचे एक भागीदार मंडळावरच होते. तशी गाजावाजाची गोष्ट नव्हतीच. कायद्यात होतं म्हणून एक जाहीरनामा छापायचा, कचेरीच्या फलकावर लावायचा आणि हरकतींसाठी एक महिना ठेवायचा, इतकंच. त्याची स्वच्छ नक्कल मीच दोनदा काढली होती. छापखान्यात घेऊनही मीच गेलो.

दुपारी तपासायची मुद्रितं आणायला गेलो तर बशीरभाई स्टुलावर बसून होते, हात काळे, कागद गुडघ्यावर. म्हणाले, "मेश्रामबाबू, हा खालचा पॅरा बारीक टाइपात काहून?"

"अध्यक्षांनी तसं समासात लिहून दिलं आहे."

"थे दिसून राह्यलं. पण काहून?"

मग त्यांनी बोटानं एकेक ओळ दाखवत समजावून सांगितलं, जसं मला वाचताच येत नाही. "वरते मोठ्या अक्षरात लिव्हलं, गावाच्या भरभराटीसाठी मंडळ कर्ज काढीन. मधात लिव्हलं, त्यातून शेड बांधून शेठजीले देईन. न् इथं खाली, भिंगानं पाहा लागते असं लिव्हलं... भाडं कमी पडल्यास गावची घरपट्टी न् पाणीपट्टी वाढवून रोखे फेडण्यात येतील. म्हंजे गिरणी चालली तं शेठजीची, न् बसली तं आपली."

मी दोनदा नक्कल केली होती. दोन्ही वेळा माझं लक्ष अक्षर वळणदार येतंय की नाही याच्याकडं होतं... आमच्या वस्तीत तर नळही नव्हता. तरीही पाणीपट्टी आम्ही भरत होतो, कारण कधी तरी नळ येणार होता.

मला वाटलं, बशीरभाई आता तो पॅरा मोठ्या टाइपात लावतील. नाही. त्यांनी तो सांगितला होता तसाच, बारीक, एकही चूक न करता छापला. मी विचारलं तर म्हणाले, "छापाचं काम मालकाचं. लिव्हलं तसं झालं पाहिजे. वाचाचं काम माह्यं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, छापखाना उघडायच्या आधी, ते आमच्या कचेरीच्या फलकासमोर येऊन उभे राहिले आणि जाहीरनामा मोठ्यानं वाचायला लागले. आधी छापलं होतं तसं, पुस्तकी मराठीत, मग आपल्या भाषेत. पहिल्या दिवशी दोन बाजारकरणी आणि एक पानवाला थांबला. दुसऱ्या दिवशी दहा-बारा माणसं. आठवडी बाजाराच्या दिवशी तर त्यांनी मालकाकडून अर्ध्या दिवसाची सुटी मागून घेतली. भाषण त्यांनी एकदाही केलं नाही. शेठजींविरुद्ध शब्द नाही, मंडळाविरुद्ध नाही. फक्त वाचायचे, आणि कोणी 'म्हंजे काय' विचारलं तर सांगायचे. टोपली उतरवून ऐकत उभ्या असलेल्या एका म्हातारीला ते म्हणाले, "माय, तुह्यं घर आहे न्? त्या घराची गोष्ट लिव्हली आहे इथं." ती म्हणाली, "मले कोणी इचारलं नाही." बशीरभाई म्हणाले, "आता इचारून राह्यले. महिनाभर इचारतीन. नाही म्हणाचं असन तं कागदावर म्हण."

कागद यायला लागले. वहीची पानं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, काही नुसते अंगठे. कोणाकडून दोन ओळी लिहून घेतलेल्या, कोणाचं अख्खं गाऱ्हाणं. आवक टेबल माझं. आठवडा गेला आणि अध्यक्षांनी मला आत बोलावलं. आवाज नेहमीसारखाच सौम्य. "अहो मेश्राम, हे कागद घ्या, ठेवा. पण पोच देत बसू नका. नोंदही नको. अशिक्षित माणसं, उगीच गोंधळ होतो. तुमच्या नेमणुकीचा कागद पुढल्याच महिन्यात माझ्याकडं यायचा आहे ना?"

मी दुपारी जेवणाच्या सुटीत छापखान्यात गेलो आणि बशीरभाईंना सगळं सांगितलं. मनात होतं की ते मला काही बाणेदार सुनावतील, मग मला त्यांच्याशी भांडता येईल. माझी आई आजारी होती, बहिणीच्या लग्नाचे पैसे फिटले नव्हते, आमच्या वस्तीतला कचेरीत खुर्चीवर बसणारा मी पहिला माणूस होतो. ही सगळी उत्तरं माझ्याकडं तयार होती. पण ते खिळे सोडवता सोडवताच म्हणाले, "नका देऊ पोच. तुमची नौकरी नवी आहे. आमी दुसरं काही पाहू." आणि मला अर्धी भाकर पुढं केली.

त्यांनी मला इतकं सहज मोकळं केलं, तेच मला सोसेना. परत आलो आणि बंडलातल्या शेवटच्या कागदापासून पहिल्यापर्यंत प्रत्येकावर क्रमांक टाकला, रजिस्टरात नोंद केली, शिक्का मारला. त्या संध्याकाळी कचेरी सुटायच्या आत जे आले त्यांना पोच दिली, जे आले नाहीत त्यांच्या पोचा नीट डब्यात लावून ठेवल्या. शिक्के सरळ उमटले. आयुष्यात मी शूरपणाचं म्हणावं असं एवढंच केलं, आणि तेही शूरपणानं नाही, लाजेनं.

नोंद झाल्यावर सुनावणी टाळता येईना. यवतमाळहून एक अधिकारी आले. शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली, मुलांना सुटी दिली होती. बशीरभाई धुतलेला पायजमा आणि निकाहाच्या वेळचा कोट घालून आले. बाहेर खातूनभाभी बायकांत उभ्या होत्या. अधिकाऱ्यांनी बशीरभाईंचं शिक्षण विचारलं, त्यांनी सांगितलं. मग अधिकारी थोडं हसून म्हणाले, "कर्जरोखे म्हणजे काय, हे तुम्हाला पूर्ण समजलं आहे का?"

"नाही साहेब," बशीरभाई म्हणाले. "पूर्ण समजलं असतं तं इचाराले कायले आलो असतो? माह्ये दोनच सवाल आहेत. आमच्या घरावर हे ओझं टाकून राह्यले, थ्या पाच जणांले आमी कधी निवडलं? न् दुसरा, गिरणीत नफा झाला तं त्याच्यातून आमची पट्टी कमी होईन असं काहून लिव्हलं नाही? तोट्याचं तं लिव्हलं आहे."

अधिकाऱ्यांनी हसू आवरलं, दौत पुढं ओढली आणि दोन्ही प्रश्न स्वतःच्या हातानं, सावकाश, जसेच्या तसे लिहून घेतले. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकांनी बशीरभाईंना कामावरून काढलं. सरकारी छपाईवरच तो छापखाना चालत होता, त्यांचाही इलाज नव्हता. सांगताना त्यांचेच डोळे भरून आले. जुना, पुस्तकं दाबायचा लोखंडी स्क्रूप्रेस त्यांनी बशीरभाईंना देऊन टाकला, घरापर्यंत हमाली स्वतः भरून. त्याच्यावर बशीरभाईंनी पुढं बुकबाइंडिंग सुरू केलं. माझी नेमणूक महिन्याच्या अखेरीला संपली आणि पुढं चालू झाली नाही. तीन वर्षं मी शिकवण्या केल्या. पंचायत समित्या निघाल्या तेव्हा राळेगावला लागलो.

वरून हुकूम आला तो पावसाळ्यानंतर. गावच्या घरपट्टी-पाणीपट्टीचं तारण काढून टाकावं, बाकी योजनेला हरकत नाही. तारणाशिवाय ते रोखे कोणी घेईना. शेठजींनी वर्षभर वाट पाहिली आणि गिरणी दुसऱ्या जिल्ह्यात नेली. मंडळ होतं तसंच राहिलं.

इथं लेख संपवला तर तो फार सोपा होईल, आणि बशीरभाईंना ते आवडलं नसतं. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा सुखदेव म्हणून एक माणूस त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचा. त्याचा मोठा मुलगा सातवी होऊन घरी बसला होता. एकदा मी आणि बशीरभाई रस्त्यानं जात असताना सुखदेव समोर आला आणि म्हणाला, "बशीरभाई, तुमी वाचलं, लोकाईनं आयकलं. गिरणी गेली. माह्या पोट्ट्याले तिथं काम लागलं असतं. माह्यं घर कुडाचं, त्याले किती पट्टी लागली असती?" शिवी नाही, आरडाओरड नाही. पुष्कळ पुढं गेल्यावर बशीरभाई म्हणाले, "मी गिरणीच्या आड नव्हतो, बाबू. पण माह्यं वाचणं बरोबर होतं, न् त्याचं म्हणणंबी बरोबर आहे. हे दोन्ही एका ओळीत कसं बसवावं, थे समजत नाही."

काही महिन्यांनी ते सुखदेवच्या मुलाला घेऊन वणीला गेले. चांद्याच्या रस्त्यावर त्यांच्या मावसभावाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. मावसभाऊ पोराला ठेवून घ्यायला तयार नव्हता, बशीरभाई तीनदा गेले. तिसऱ्या वेळी ठेवून घेतलं. पोरगा आज तिथला चांगला मिस्त्री आहे. सुखदेव त्यानंतरही कधी म्हणाला नाही की तुमचं बरोबर होतं, आणि बशीरभाईंनीही ते कधी ऐकू मागितलं नाही. सणाला एकमेकांकडं जायचे, इतकंच. मी माती द्यायला पोचू शकलो नाही, पण कंडक्टरनं नंतर सांगितलं, सुखदेवनं कबरस्तानापर्यंत खांदा बदलू दिला नाही.

खिळ्यांच्या शिशानं बशीरभाईंची छाती पोखरली होती. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा चार पावलं चालून थांबत होते. थांबले की ते दम लागला म्हणून, हे कळू नये यासाठी समोरच्या दुकानाची पाटी वाचायचे आणि तिच्यातली चूक मला दाखवायचे. मला ते कळत होतं. मी त्यांच्याबरोबर सगळ्या पाट्या वाचल्या.

पुढच्याच रविवारी मी गावी गेलो. पुढच्या खोलीत, ते बसायचे त्या चटईवर खातूनभाभी बसल्या होत्या. नाकावर बशीरभाईंचाच चष्मा, हातात दाभण, मेण लावलेला दोरा. समोर छापील कागदांचे गठ्ठे. "बसा मेश्रामभाऊ, हा एवढा टाका घालू द्या. त्याहीनं मंगळवारचा वायदा केलता."

मी एक गठ्ठा उचलून पाहिला. मतदारांची यादी होती. इतक्या वर्षांनी आमच्या गावच्या नगरपालिकेची निवडणूक लागली आहे, ती या महिन्यात होईल. याद्या यवतमाळला छापून आल्या आणि शिवायला बशीरभाईंकडं दिल्या. निम्म्या त्यांनी शिवल्या होत्या. दुपारी टाका घालता घालताच ते कलंडले... दोरा सुईतच होता, भाभी म्हणाल्या.

त्यांच्या वॉर्डाचं पान मी काढलं. बोट फिरवत गेलो. तिथं होते ते, घर क्रमांकासकट, वडिलांच्या नावासकट, आणि पुढच्याच ओळीत भाभी. माझ्यातला कारकून बोलून गेला, "भाभी, त्यांचं नाव अजून आहे. अर्ज दिला तर कमी करतील. मी लिहून देऊ का?"

भाभींनी टाका ओढला, दोरा दातानं तोडला आणि यादीच्या कडा चटईवर ठोकून सारख्या केल्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "या खेपेले राहू द्या."

मग त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला. पानं हलू नयेत म्हणून मी दुसऱ्या बाजूनं धरून बसलो.